मेंदूंतील गोठलेलें रक्त : एका उपचाराचा इतिहास

वैद्यकशास्त्रांतील कित्येक शोध असे आहेत कीं, ते कोणा प्रतिभावंताला एका रात्रींत सुचले नाहींत. डोळ्यांपुढें दिसणाऱ्या गोष्टीचा खरा अर्थ कळण्यास तेथें पिढ्या जाव्या लागल्या. मेंदूच्या नीलांत रक्त गोठण्याचा जो रोग आहे, त्याच्या उपचाराची कथा अशांपैकींच एक होय. या रोगांत रक्त गोठतें, आणि पुष्कळदां त्याच रोग्याच्या मेंदूंत रक्तस्रावहि होतो. गोठलेल्या रक्तावर औषध द्यावें तर स्राव वाढेल, आणि स्रावाला भिऊन औषध टाळावें तर गुठळी वाढेल, अशा कोंडींत जगांतील नामांकित डॉक्टर सुमारें पन्नास वर्षें सांपडले होते. ती कोंडी कशी फुटली हें समजून घेण्यासारखें आहे. कारण या रोगाच्या तडाख्यांत येणाऱ्यांमध्यें तरुण स्त्रियांचा, आणि त्यांतहि बाळंतिणींचा, भरणा मोठा असतो.

प्रथम मेंदूंतील रक्ताची ये-जा कशी चालते हें ध्यानांत घेतलें पाहिजे. हृदयाकडून ताजें रक्त आणणाऱ्या वाहिन्यांस रोहिणी म्हणतात, आणि वापरलेलें रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांस नीला म्हणतात. मेंदूच्या नीला लहान ओढ्यांप्रमाणें एकमेकींस मिळत जातात, आणि शेवटीं कवटीच्या आंतील बाजूस, मेंदूवरील जाड आवरणाच्या दोन पदरांमध्यें असलेल्या मोठ्या पाटांत रिकाम्या होतात. या पाटांना डॉक्टर लोक सायनस म्हणतात. सर्दीनें चोंदणाऱ्या नाकाजवळच्या पोकळ्यांनाहि तेंच नांव असलें, तरी त्यांचा या पाटांशीं कांहीं संबंध नाहीं. यांपैकीं सर्वांत मोठा पाट कपाळापासून डोक्याच्या मागील भागापर्यंत, बरोबर भांगाच्या रेषेखालून जातो. मागें गेल्यावर त्याचे उजवा आणि डावा असे दोन फांटे होतात, आणि ते कानांच्या मागून खालीं उतरून मानेंतील मोठ्या नीलांस मिळतात.

आतां घरांतील मोरीचा निचरा तुंबला आणि नळ मात्र चालूच राहिला, अशी कल्पना करावी. पाणी आधीं मोरींत चढतें, मग कट्टा ओलांडून घरभर पसरतें. मेंदूंतहि असेंच घडतें. निचऱ्याची नीला गुठळीनें बंद झाली तरी रोहिणी रक्त आणीतच राहते. मागें दाब चढतो. रक्तांतील पाणी आसपास झिरपून मेंदूला सूज येते. आणि दाब त्याहून वाढला म्हणजे बारीक वाहिन्या फुटून मेंदूंत रक्त सांडतें. म्हणजे या रोगांतील रक्तस्राव हा मूळ रोग नव्हे; तो तुंबलेल्या निचऱ्याचा परिणाम होय. आज हें वाक्य अगदीं सोपें वाटतें. परंतु त्याचा जो व्यवहारांतील अर्थ आहे, तो मान्य होण्यास फार काळ जावा लागला.

या रोगाची पहिली स्पष्ट नोंद १८२५ सालची आहे. रीब नांवाच्या फ्रेंच वैद्यांनीं एका ४५ वर्षांच्या पुरुषाची हकीकत त्या वर्षीं प्रसिद्ध केली. सहा महिने तीव्र डोकेदुखी, अपस्मारासारखे झटके, भ्रम, आणि शेवटीं मृत्यु, असा त्या रोग्याचा क्रम होता. शवविच्छेदन केलें तेव्हां भांगाखालच्या मोठ्या पाटांत, त्याच्या डाव्या फांट्यांत आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील एका नीलेंत रक्त गोठलेलें आढळलें. त्याच्या शरीरांत कर्करोग पसरलेला होता. यानंतर तीनच वर्षांनीं, १८२८ मध्यें, एडिंबरो येथील जॉन ॲबरक्रॉम्बी यांनीं मेंदूच्या रोगांवरील आपल्या ग्रंथांत एका २४ वर्षांच्या स्त्रीची कथा सांगितली. तिचें बाळंतपण सुखरूप पार पडलें होतें. सुमारें दोन आठवड्यांनीं तिचें डोकें दुखूं लागलें, मग झटके येऊं लागले, आणि एकामागून एक येणाऱ्या झटक्यांतच तिचा अंत झाला. तिच्याहि डोक्यांत तोच मोठा पाट गुठळीनें भरलेला होता.

या दोन नोंदींत या रोगाचें पुष्कळसें चित्र आलेलें आहे. परंतु दोन्ही नोंदी मृत शरीरावरून झालेल्या होत्या, हें येथें विशेष लक्षांत ठेवावयाचें आहे. डोकेदुखी, उलटी, अंधुक दृष्टि, झटके, एका अंगाची हालचाल जाणें, गुंगी, हीं लक्षणें इतर अनेक रोगांतहि दिसतात. बाळंतिणीला झटके आले तर ते गरोदरपणाच्या विषबाधेचे मानले जात. आपल्याकडे तर बाळंतरोग या एका शब्दाखालीं अशा सगळ्याच दुखण्यांची बोळवण होई. कवटी न उघडतां आंतली नीला पाहण्याचें साधन नव्हतें. त्यामुळें रोगाचें नांव बहुधा रोगी गेल्यानंतरच कळे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो यांनीं वाहिनींत रक्त कां गोठतें याची मीमांसा केली. प्रवाह मंदावणें, वाहिनीच्या भिंतीला इजा होणें, आणि रक्ताच्या गुणांतच फरक पडणें, या तीन कारणांच्या मेळानें गुठळी होते, असा त्या विचाराचा सारांश आजहि सांगितला जातो. बाळंतपणांत हीं कारणें सहज एकत्र येतात. प्रसूतीच्या वेळीं अतिस्राव होऊं नये म्हणून निसर्गच स्त्रीचें रक्त लवकर गोठण्याजोगें करून ठेवतो. त्यांत अंगांतील पाणी कमी झालें, ताप आला किंवा पंडुरोग असला, कीं गुठळीला निमित्त मिळतें. दुसरी मोठी वाट कानाची होती. कान फुटून वाहूं लागला आणि पू हाडापर्यंत पोंचला, तर कानामागून जाणाऱ्या फांट्यांत रक्त गोठे. लंडनचे चार्ल्स सायमंड्स यांनीं १९३१ मध्यें कानाच्या दुखण्यानंतर डोक्यांतील दाब वाढलेल्या रोग्यांचें वर्णन केलें, आणि पुढें त्या दाबाचा संबंध नीलांतील गुठळीशीं जोडून दाखविला. पेनिसिलिन आल्यावर ही कानाची वाट पुष्कळ अंशीं बंद झाली. बाळंतपणाची मात्र उघडीच राहिली.

इकडे गुठळीवरील औषध भलत्याच वाटेनें हातीं आलें. १९१६ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेंत, जे मॅक्लीन नांवाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी रक्त गोठविणारे पदार्थ शोधीत होता. कुत्र्याच्या यकृतापासून काढलेला एक अंश त्यानें तपासला, तेव्हां रक्त लवकर गोठण्याऐवजीं गोठेनासेंच झालें. गोठविणारें द्रव्य शोधतां शोधतां गोठूं न देणारें द्रव्य सांपडलें! १९१८ मध्यें हॉवेल यांनीं यकृताच्या ग्रीक नांवावरून त्या जातीच्या द्रव्याला हेपॅरिन हें नांव दिलें. परंतु तें शुद्ध स्वरूपांत, माणसाला टोंचतां येईल असें, तयार होण्यास आणखी बराच काळ लागला. इन्शुलिनच्या शोधांत ज्यांचा वांटा होता, त्या चार्ल्स बेस्ट यांच्या प्रेरणेनें टोरांटो येथें, आणि एरिक यॉर्पेस यांच्या हातून स्वीडनमध्यें, हें काम झालें. १९३५ ते १९४० या काळांत हेपॅरिन रोग्यांना देण्यास सुरुवात झाली. पायांतील किंवा फुप्फुसांतील गुठळीवर त्याचा उपयोग होतो हें लवकरच दिसून आलें.

मेंदूच्या बाबतींत पहिलें पाऊल इंग्लंडांत पडलें. १९४१ मध्यें पर्डन मार्टिन आणि शीहन यांनीं बाळंतपणानंतर मेंदूच्या नीलांत होणाऱ्या गुठळीवर एक महत्त्वाचा लेख लिहिला, आणि हा रोग बाळंतरोगांच्या गर्दींतून वेगळा काढून दाखविला. दुसऱ्याच वर्षीं, १९४२ मध्यें, स्टॅन्सफील्ड यांनीं अशाच एका बाळंतिणीस हेपॅरिन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ऐन युद्धाच्या धामधुमींत छापला गेलेला हा वृत्तांत म्हणजे या उपचाराचा आरंभ होय. आतां वाट मोकळी झाली असें कोणासहि वाटावें. पण तसें झालें नाहीं.

न होण्याचें कारण तेंच मृत शरीर होतें. शवविच्छेदनाच्या टेबलावर या रोगाचा मेंदू पाहिला, तर तो सुजलेला व ठिकठिकाणीं रक्तानें माखलेला दिसे. हें चित्र ज्यानें एकदां पाहिलें, त्याला अशा रोग्यास रक्त पातळ करणारें औषध द्या म्हणणें म्हणजे आगींत तेल ओतण्यासारखें वाटलें, तर नवल नाहीं. शंका भित्रेपणाची नव्हती. हेपॅरिननें मेंदूंत घातक स्राव होऊं शकतो, हें इतर रोगांच्या अनुभवावरून ठाऊक होतें. पण या तर्कांत एक खांच राहून गेली होती. टेबलावर येणारे रोगी हे मेलेले रोगी होते; सौम्य दुखणें होऊन बरे झालेले रोगी तेथें कधींच येत नसत, कारण त्यांचें निदानच होत नसे. त्यामुळें रोग जितका घातक होता त्याहून अधिक घातक भासला, आणि रक्तस्राव हा त्याचा नित्याचा सोबती ठरला. शिवाय, तो स्राव औषधानें वाढला असता कीं गुठळी हटल्यानें थांबला असता, हा प्रश्न टेबलावरून सुटण्यासारखाच नव्हता. अशा रीतीनें १९५० पासून पुढें तीन-चार दशकें डॉक्टरांत दोन पक्ष राहिले. एक पक्ष हेपॅरिन देई; दुसरा पक्ष, विशेषतः रक्तस्राव झालेल्या रोग्यांत, तें निषिद्ध मानी.

मधल्या काळांत पाहण्याचीं साधनें सुधारत गेलीं. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनीं १९२७ मध्येंच रोहिणींत द्रव्य टोंचून मेंदूच्या वाहिन्यांचें क्ष-किरणांनीं चित्र घेण्याची युक्ति काढली होती. तिच्यायोगें पुढें नीलांचेंहि चित्र मिळूं लागलें. १९७१ मध्यें लंडनच्या एका इस्पितळांत हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें पहिल्या रोग्याचा मेंदू पाहण्यांत आला. पुढील दशकांत एम. आर. आय. आलें, आणि सुई न टोंचतां नीलांतील प्रवाह दिसूं लागला. याचा परिणाम असा झाला कीं, जिवंत रोग्याचें निदान होऊं लागलें, आणि सौम्य दुखणेंहि मोजणींत आलें. १९८५ मध्यें फ्रान्समधील मारी-जर्मेन बूसेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा ३८ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. समजला जातो तितका हा रोग विरळ नाहीं, आणि सदैव घातकहि नाहीं, हें त्यावरून ध्यानांत आलें.

निर्णायक पुरावा १९९१ मध्यें पुढें आला. आइनहॉय्प्ल व इतर जर्मन डॉक्टरांनीं वीस रोग्यांचे दहा-दहाचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें पाडले. एका गटाला हेपॅरिन दिलें, दुसऱ्याला औषधी गुण नसलेलें द्रावण. फरक इतका उघड दिसला कीं, प्रयोग वीस रोग्यांवरच थांबविण्यांत आला. तीन महिन्यांनीं हेपॅरिनच्या गटांतील दहांपैकीं ८ पूर्ण बरे झाले होते, आणि दोघांत किरकोळ दोष राहिला होता. मृत्यु एकहि नव्हता. दुसऱ्या गटांत एकच पूर्ण बरा झाला होता, सहा जणांत व्यंग राहिलें होतें, आणि ३ दगावले होते.

परंतु खरा वादाचा मुद्दा रक्तस्राव झालेल्या रोग्यांचा होता. त्यासाठीं त्याच डॉक्टरांनीं आपल्या १०२ रोग्यांचे जुने कागद तपासले. त्यांपैकीं ४३ जणांच्या मेंदूंत रक्तस्राव झालेला होता. स्राव झाल्यानंतरहि ज्यांना हेपॅरिन देण्याचें धाडस झालें, अशा २७ जणांपैकीं ४ मरण पावले. ज्यांना स्रावाच्या भीतीनें म्हणा किंवा अन्य कारणानें तें दिलें नाहीं, अशा १३ जणांपैकीं ९ मरण पावले. औषध टाळणें म्हणजे सावधपणा, ही समजूत या आंकड्यांपुढें टिकणें कठीण झालें.

येथें एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या कागदांवरून काढलेले आंकडे संपूर्ण निर्णायक मानतां येत नाहींत. कारण ज्याची प्रकृति फारच ढांसळलेली, त्याला औषध दिलेंच गेलें नसेल, असा संभव राहतो. वीस रोग्यांचा प्रयोगहि लहानच होता. १९९९ मध्यें हॉलंड व इंग्लंड येथील डॉक्टरांनीं ५९ रोग्यांवर हेपॅरिनच्याच एका नव्या प्रकाराचा प्रयोग केला, आणि त्यांत मेंदूंत स्राव झालेले रोगी मुद्दाम घेतले. बारा आठवड्यांनीं औषधाच्या गटांत १३ टक्के रोग्यांची, तर दुसऱ्या गटांत २१ टक्के रोग्यांची स्थिति वाईट राहिली. हा फरक गणिताच्या कसोटीवर पक्का ठरण्याइतका मोठा नव्हता. मात्र औषधाच्या गटांत लक्षणें दाखविणारा नवा स्राव मेंदूंत एकालाहि झाला नाहीं. दोन्ही प्रयोग मिळून रोगी फक्त ७९. तरी दोहोंचा कल एकाच दिशेस होता. २०१० आणि २०११ मध्यें युरोप व अमेरिका येथील मज्जारोगतज्ज्ञांच्या मंडळांनीं आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलें कीं, या रोगानें मेंदूंत रक्तस्राव झाला असला, तरी एवढ्यावरून हेपॅरिन वर्ज्य समजूं नये. स्टॅन्सफील्ड यांच्या वृत्तांतानंतर तोंपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षें लोटलीं होतीं.

मग रक्तस्राव नगण्य मानावयाचा काय? तसेंहि नाहीं. १९९८ ते २००१ या काळांत २१ देशांतील ८९ केंद्रांतून ६२४ रोग्यांची नोंद करण्यांत आली, आणि पोर्तुगालचे जोझे फेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ मध्यें तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार रोग्यांत सुमारें तीन स्त्रिया होत्या. तीनांतील एकाहून अधिक रोग्यांना येतांच मेंदूंत स्राव झालेला होता. बहुतेकांना गोठणविरोधी औषध मिळालें. अखेर सुमारें ७९ टक्के रोगी पूर्णपणें अथवा जवळजवळ पूर्णपणें बरे झाले, आणि सुमारें ८ टक्के दगावले. वाईट शेवट कोणाचा झाला हें पाहतां कांहीं खुणा ठळक दिसल्या : ३७ वर्षांपुढील वय, पुरुष असणें, बेशुद्धि किंवा मनोभ्रम, मेंदूच्या खोल भागांतील नीलांची गुठळी, मेंदूंतील जंतुदोष, कर्करोग, आणि आल्या वेळीं झालेला रक्तस्राव. म्हणजे रक्तस्राव ही निचरा किती तुंबला आहे याची खूण आहे, आणि म्हणूनच ती चिंतेची आहे. परंतु खूण गंभीर असेल तितकी मूळ अडथळा हटविण्याची निकड अधिक. घरभर पाणी पसरलेलें पाहून मोरींतला बोळा काढण्यास भ्यावें, असें कोणी म्हणणार नाहीं.

हेपॅरिन स्वतः गुठळी विरघळवीत नाहीं, हेंहि येथें सांगणें अवश्य आहे. तें गुठळी वाढूं देत नाहीं. विरघळविण्याचें काम शरीर आपल्या शक्तीनें करतें, आणि तोंपर्यंत आजूबाजूच्या लहान नीला निचऱ्याचा भार वाहतात. औषधानें मिळतो तो अवधि.

हिंदुस्थानाचा या कथेशीं संबंध जवळचा आहे. येथें बाळंतिणींत हा रोग पाश्चात्य देशांपेक्षां फार अधिक आढळतो, असा येथील डॉक्टरांचा दीर्घ अनुभव होता. घरीं होणारीं बाळंतपणें, रक्ताची कमतरता, आणि देशाच्या कित्येक भागांत बाळंतिणीला पाणी बेतानें देण्याची जुनी चाल, यांचा त्याच्याशीं संबंध जोडण्यांत आला आहे. ओली बाळंतीण तहानेली ठेवावी, या समजुतींत मायाच होती. पण पाणी तुटल्यानें रक्त दाट होतें, हें त्या मायेला ठाऊक नव्हतें. १९९५ मध्यें बंगलोर येथील निम्हान्स या संस्थेच्या डॉक्टरांनीं अशा ५७ बाळंतिणींवर हेपॅरिनचा प्रयोग प्रसिद्ध केला. हेपॅरिन न मिळालेल्या गटांत तिघी दगावल्या किंवा त्यांच्या अंगांत लुळेपणा राहिला. मिळालेल्या गटांत एकीचेंहि तसें झालें नाहीं. मात्र सी. टी. चित्रांत ज्यांना स्राव दिसला, त्या स्त्रियांना या प्रयोगांतून वगळलें होतें. जुन्या भीतीचा पगडा किती खोल होता, हें यावरून दिसतें. आतां चित्र पालटत आहे. २०१२ मध्यें हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूटनें ४२८ रोग्यांची जी नोंद प्रसिद्ध केली, तींत निम्म्याहून अधिक पुरुष होते. इस्पितळांतील बाळंतपणें वाढलीं, तसा या रोगाचा एकेकाळचा बाळंतिणींपुरता शिक्काहि पुसट झाला.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. २०१९ मध्यें, हेपॅरिननंतर घ्यावयाच्या गोळ्यांत वॉरफॅरिनऐवजीं डाबिगॅट्रान हें नवें औषध चालूं शकतें, असें एका प्रयोगांत दिसलें. नळी घालून गुठळी काढण्याच्या उपायाचा मात्र, २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, नेहमींच्या औषधाहून अधिक लाभ आढळला नाहीं. सूज फार वाढून जीव धोक्यांत आला, तर कवटीचा एक भाग तात्पुरता काढून मेंदूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया करतात. आणि २०२१ मध्यें कोरोनाच्या कांहीं लशींनंतर क्वचित् झालेल्या अशाच गुठळीनें एक नवा धडा शिकविला. त्या प्रकारांत रक्तांतील चकत्याहि घटलेल्या असत, आणि तेथें हेपॅरिन टाळून दुसरीं औषधें देण्याचा सल्ला देण्यांत आला. सत्तर वर्षें खटपट करून मिळविलेला नियमहि डोळे मिटून लावावयाचा नसतो, हेंच त्यावरून सिद्ध झालें.

या कथेंत कोणी खलपुरुष नाहीं. हेपॅरिनला विरोध करणारे डॉक्टर रोग्याच्या हितासाठींच विरोध करीत होते. त्यांची चूक एवढीच कीं, जें डोळ्यांना दिसलें त्यालाच त्यांनीं कारण मानलें. सांडलेलें रक्त दिसत होतें. तुंबलेली नीला दिसत नव्हती. निवाडा झाला तो मोठ्या मताच्या जोरावर नव्हे, तर दोन गट पाडून प्रामाणिकपणें केलेल्या मोजणीनें.

सामान्य कुटुंबांना यांतून घेण्यासारखी गोष्ट एक आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, गरोदरपणांत, किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतांना, पूर्वीं कधीं नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली व दिवसेंदिवस वाढत गेली, तिच्या जोडीला उलट्या झाल्या, दिसणें अंधुक झालें, अंगाचा एखादा भाग दुबळा झाला किंवा झटका आला, तर अशक्तपणा किंवा जागरण म्हणून तिची बोळवण करूं नये. त्याच दिवशीं रोग्याला मोठ्या इस्पितळांत न्यावें. बाळंतिणीला तिच्या तहानेप्रमाणें पाणी द्यावें. एडिंबरोच्या त्या २४ वर्षांच्या मातेच्या दुखण्याला १८२८ मध्यें नांव मिळालें, तें ती गेल्यावर. आज तशाच एखाद्या मातेला तें वेळेवर मिळतें, आणि बहुधा ती आपल्या मुलाला घेऊन घरीं परत येते.